बिनपगारी कारकीर्द : गेलिक फुटबॉलपटू कसं व्हायचं आणि कसं टिकायचं

गेलिक फुटबॉल या हाता-पायाने खेळायच्या आयरिश खेळात पगार नाही, सामन्याचं मानधन नाही, लिलाव नाही आणि करारही नाही. जुलैच्या अखेरीस डब्लिनच्या क्रोक पार्कवर, ८२,३०० प्रेक्षकांच्या मैदानात, ऑल-आयर्लंड या काउंटी, म्हणजे जिल्हा, संघांच्या सर्वोच्च स्पर्धेचा अंतिम सामना जिंकून सॅम मॅग्वायर कप उचलणारा खेळाडू सुट्टी संपली की शाळेत शिकवायला, बँकेत किंवा इस्पितळात कामावर हजर होतो. १८८४ साली टिपरेरीतल्या थर्ल्स गावात स्थापन झालेली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, हौशीपणाचा नियम आजही सोडायला तयार नाही. आपल्याकडच्या भाषेत हे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणंच. तरीही त्यासाठी लागणारी मेहनत पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडूइतकी असते. ईएसआरआय या आयरिश संशोधन संस्थेच्या २०१८च्या अहवालात काउंटी खेळाडू आठवड्याला ३१ तासांपर्यंत वेळ खेळासाठी देतात असं दिसलं, आणि तेही नोकरी किंवा शिक्षण सांभाळून.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. इथे खेळाची आणि पोटापाण्याची अशा दोन कारकिर्दी एकाच वेळापत्रकात बसवायच्या असतात. बहुतेक गुणी मुलं मागे पडतात ती पायातलं कौशल्य कमी पडल्यामुळे नव्हे, तर हे वेळापत्रक कोलमडल्यामुळे. आयर्लंडमध्ये नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांतली मुलं आता स्थानिक क्लबांच्या मैदानावर दिसतात. त्यांच्यासाठी, आणि तिशीत पहिल्यांदा हा चेंडू हातात घेणाऱ्या आईवडलांसाठीही, पुढचं सगळं लिहिलं आहे.

क्लब

कारकीर्द क्लबातून सुरू होते आणि क्लबातच संपते. मधला काउंटीचा काळ हा पाहुणचार समजा. क्लब निवडताना 'सर्वांत जिंकणारा कोण' हे बघू नका. घराजवळचा कोण ते बघा. बहुतेक भागांत क्लब पॅरिशशी, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या परिसराशी, बांधलेला असतो आणि मुलाने राहत्या पॅरिशच्या क्लबातूनच खेळावं अशी अपेक्षा असते. शहरात दोन-तीन पर्याय मिळू शकतात. एकदा नोंदणी झाली की क्लब बदलणं अवघड. त्याच काउंटीतल्या दुसऱ्या क्लबात जायचं तर काउंटी समितीची परवानगी लागते आणि 'तिथला प्रशिक्षक चांगला आहे' हे कारण सहसा चालत नाही. घर खरोखर बदललं असेल तर पत्त्याचा पुरावा देऊन बदली होते. आज भाड्याने इथे, दोन वर्षांनी स्वतःचं घर घेऊन तिथे, असा बेत असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

नागरिकत्वाची, धर्माची किंवा आडनावाची अट नाही. पाकिस्तानात जन्मलेला शेरोझ अक्रम २०१६ साली मेयो काउंटीच्या २१ वर्षांखालील संघातून ऑल-आयर्लंड जिंकला. लायबेरियात जन्मलेला बॉइडू सेय वेस्टमीथकडून खेळला.

नोंदणी 'फोरन' नावाच्या ऑनलाइन प्रणालीवर होते. वर्गणी क्लबागणिक वेगळी असते आणि दर वर्षी नव्याने भरावी लागते. ती राहिली तर तो खेळाडू सामन्यात उतरवता येत नाही, आणि दुखापत झाल्यास जीएएच्या इंजरी बेनिफिट फंडातून काही मिळत नाही. हा फंड म्हणजे विमा नव्हे. अधिकृत सराव किंवा सामन्यात झालेल्या दुखापतीपुरताच तो आहे, भरपाईला मर्यादा आहेत आणि कळवण्याची मुदत चुकली की दावा बाद होतो. कंत्राटी नोकरी असणाऱ्यांनी, आजारपणाची पगारी रजा नसणाऱ्यांनी तर विशेषतः, वेगळा आरोग्य विमा घ्यावा.

लागणारं सामान थोडंच आहे. तळाशीच ओतलेल्या स्टडचे, म्हणजे खुंट्यांचे, बूट, जानेवारी-फेब्रुवारीच्या चिखलासाठी लांब स्टडची दुसरी जोडी, क्लबची शॉर्ट्स आणि मोजे, ओल्या चेंडूसाठी पकडीचे ग्लव्हज आणि दातांवरचं गमशील्ड. गमशील्ड हौसेचं नाही. २०१४पासून सर्व वयोगटांना ते सरावातही सक्तीचं आहे. ते नसेल तर दातांच्या खर्चावर दावा करता येत नाही. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचं साधं गमशील्ड मुलांना पुरतं, पण वाढत्या वयात दर हंगामाला पुन्हा बसवून बघावं लागतं. सैल झालेलं गमशील्ड मुलं चघळत बसतात आणि मग खिशात ठेवतात.

खेळाचा हिशेब

१५ विरुद्ध १५. गोलरक्षक, सहा बचावपटू, दोन मिडफिल्डर, सहा आक्रमक. मैदान १३० ते १४५ मीटर लांब, गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षराचे. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ पॉइंट. दांड्यावरून खांबांमधून गेला तर १ पॉइंट. २०२५पासून गोलपासून ४० मीटरवर कमान आखली जाते आणि तिच्या बाहेरून पायाने मारलेल्या पॉइंटला २ मिळतात. धावफलक गोल आणि पॉइंट वेगळे दाखवतो: २०२५च्या अंतिम सामन्यात केरीने डोनेगलला १-२६ विरुद्ध ०-१९ असं हरवलं, म्हणजे २९ विरुद्ध १९. क्लबचा सामना ६० मिनिटांचा, वरिष्ठ काउंटीचा ७० मिनिटांचा.

त्याच वर्षी जिम गॅव्हिन यांच्या समितीने सुचवलेल्या आणखी काही बदलांनी खेळाडूकडून असलेली अपेक्षाच बदलली. प्रत्येक संघाने दोन्ही अर्ध्या भागांत किमान ३ खेळाडू ठेवायचे, किकआउट, म्हणजे गोलरक्षकाची खेळ पुन्हा सुरू करणारी किक, कमानीपलीकडे गेलीच पाहिजे, फाउल झालेल्या खेळाडूला न थांबता सोलो (चेंडू बुटावरून पुन्हा हातात) मारून पळता येतं, आणि पंचाशी हुज्जत घातली तर फ्री, म्हणजे फाउलनंतरची मोकळी किक, ५० मीटर पुढे सरकते. याचा सरळ अर्थ असा की लांबून अचूक मारणारा आणि उंच चेंडू झेलणारा खेळाडू पुन्हा महाग झाला. सगळे पंधरा जण मागे ओढून हँडपासवर, म्हणजे हाताने मारलेल्या पासांवर, वेळ काढायचा, ही जुनी युक्ती शिकलेल्या मुलांना बरंच काही नव्याने शिकावं लागतं आहे.

कौशल्यं: इथे घाई करू नका

चेंडू हातात घेऊन फक्त चार पावलं टाकता येतात, किंवा चार पावलांना लागेल तेवढा वेळ मिळतो. पुढे जायचं तर टप्पा मारा किंवा सोलो करा. सलग दोनदा टप्पा चालत नाही; सोलो सलग कितीही वेळा चालते. नवखे इथेच सर्वाधिक फाउल देतात, कारण दबावाखाली पावलं मोजणं सुटतं. सरावात 'पकड, एक-दोन-तीन, सोलो' असं तीनवर सोडायची सवय लावा. चौथं पाऊल गडबडीसाठी राखून ठेवायचं.

सोलो म्हणजे स्वतःच्या बुटावरून चेंडू स्वतःच्याच हातात परत घेणं. उजव्या पायाने करायची तर चेंडू उजव्या हातात हवा. कमरेच्या उंचीवरून तो सोडायचा, वर उडवायचा नाही. पाऊल पुढे येताना घोटा ताठ आणि बोटं आपल्याकडे वर ओढलेली. चेंडू लेसच्या खालच्या भागाला लागतो, उलटी फिरकी घेतो आणि पोटाकडे परततो. पाय गुडघ्याच्या उंचीवर जायची गरज नाही. चेंडू पुढे पळत असेल तर बोटं खाली झुकलेली आहेत. तोंडाशी उडत असेल तर चेंडू छातीपासून सोडला जातो आहे किंवा लाथ फार जोरात आहे. बाजूला जात असेल तर उजव्या पायासाठी डाव्या हाताने चेंडू सोडला जातो आहे. ही तीन लक्षणं ओळखता आली की घरच्या अंगणातही मूल स्वतःला सुधारू शकतं. आधी जागेवर, मग चालत, मग हलकं पळत, आणि शेवटी पूर्ण वेगात. एका पायरीवर सलग २० सोलो जमल्याशिवाय पुढचीवर जाऊ नका. मग हेच सगळं कमकुवत पायाने. प्रतिस्पर्धी उजवीकडून येत असेल तर सोलो डाव्या पायानेच करावी लागते, नाहीतर चेंडू आयताच त्याच्या हातासमोर येतो. एकपायी खेळाडू १४ वर्षांखालील वयात चमकतो आणि १७ वर्षांखालील निवडीत अडकतो, तो बहुतेक वेळा एवढ्याचसाठी.

जमिनीवरचा चेंडू पुरुषांच्या खेळात थेट हाताने उचलता येत नाही. टेकवलेलं पाऊल चेंडूच्या शेजारी, गुडघे वाकलेले, छाती चेंडूवर, दोन्ही हात बुटासमोर ओंजळीसारखे. दुसऱ्या पायाचा चवडा चेंडूखाली सरकवून तो हातात ढकलायचा. हात आधी लागला की फ्री गेली. पावसात चेंडू घसरतो म्हणून चवडा आणखी खोल घालावा लागतो. मुलींच्या खेळात उभ्याने थेट हाताने उचलायला परवानगी आहे, चेंडू साइझ ४चा असतो आणि खांद्याची धडक चालत नाही. एकाच घरात मुलगा आणि मुलगी दोघं खेळत असतील तर हे फरक आईवडलांनीच लक्षात ठेवायचे. टचलाइनवरून 'उचल उचल' ओरडून मुलाचा फाउल करवणारे पालक कमी नाहीत.

हँडपासमध्ये एका तळहातावर चेंडू ठेवून दुसऱ्या हाताने तो मारायचा. मारल्याची क्रिया पंचाला दिसली पाहिजे. चेंडू नुसता ढकलला तर ती 'थ्रो' ठरते. मूठ आपटण्यापेक्षा तळहाताच्या टाचेने मारलेला पास सरळ जातो. चेंडू धरलेला हात स्थिर ठेवा. तोच हात वर झुलवला की पंच शिट्टी वाजवतो. भिंतीवर रोज ५० उजव्या आणि ५० डाव्या हाताने, सहा पावलांवरून, एवढं दोन महिने केलं तर फरक उघड दिसतो.

उंच झेल घ्यायचा तर एका पायावर, धावत येऊन उडी. तळवे उघडे, अंगठे एकमेकांजवळ, चेंडू डोक्याच्या पुढे आणि वर असतानाच पकडायचा आणि लगेच छातीशी आणायचा. छातीवर झेलायची वाट पाहणाऱ्याच्या आधी मागून मूठ येते.

पॉइंट मारण्याच्या सरावाबद्दल एक मत ठामपणे सांगायला हवं: गोलसमोर मधोमध उभं राहून मारलेल्या शंभर किक वेळेचा अपव्यय आहेत. सामन्यातल्या बहुतेक संधी कोनातून आणि धावताना मिळतात. तीन जागा ठरवा: डावीकडे ३० मीटर, उजवीकडे ३० मीटर आणि कमानीबाहेर. प्रत्येक जागेवरून १० किक, आधी २० मीटरची धाव घेऊन, आणि किती गेल्या ते वहीत लिहून ठेवा. उजव्या पायाचा खेळाडू लेसच्या आतल्या बाजूने मारतो तेव्हा चेंडू डावीकडे वळतो. म्हणून फ्री किक घेताना उजव्या पायाचा खेळाडू मैदानाच्या डाव्या अंगाची आणि डावखुरा उजव्या अंगाची फ्री घेतो. मैदानात दोन्ही प्रकारचे किकर असणं संघाला लागतंच, त्यामुळे डावखुऱ्या मुलाची सवय कधीही मोडू नका. काउंटीच्या निवडीत डावा पाय म्हणजे निम्मं शिफारसपत्र.

कबड्डी खेळून आलेल्यांना एकच गोष्ट विसरावी लागते: पकड. इथे प्रतिस्पर्ध्याला मिठी मारणं, जर्सी ओढणं, हात अडवणं, सगळं फाउल. खांद्याला खांदा लावता येतो, तोही एक पाय जमिनीवर ठेवून, आणि चेंडू उघड्या हाताने उडवता येतो. जवळच्या हाताने चेंडूवर थाप मारा. लांबचा हात पुढे घातला की तो समोरच्याच्या छातीवर जातो आणि त्याला फ्री मिळते. मुद्दाम पाडल्यास काळं कार्ड, म्हणजे १० मिनिटं बाहेर. किक अडवताना दोन्ही हात एकत्र करून बुटासमोर झेपावायचं, डोळे उघडे ठेवून. पायाने अडवणं नियमबाह्य आहे आणि पायाचं हाड मोडायची हमखास रीत.

वयाची शिडी

बहुतेक क्लबांत ४-५ वर्षांच्या मुलांची नर्सरी शनिवारी किंवा रविवारी सकाळी भरते. १२ वर्षांखालील वयात 'गो गेम्स' चालतात: छोटे संघ, छोटं मैदान, प्रत्येकाला खेळायची संधी, ना चषक ना गुणतक्ता. आपल्या घरांत इथेच चुळबूळ सुरू होते. निकाल नाही तर प्रगती कशी कळणार? दोन्ही पाय, दोन्ही हात, आणि मूल पुढच्या शनिवारी स्वतःहून बूट शोधतं का, एवढं बघा. शाळेकडूनही खेळायला मिळतं. डब्लिनच्या प्राथमिक शाळांचे अंतिम सामने क्रोक पार्कवर होतात. लहानपणीच तिथे उतरलेल्या मुलांची संख्या ऐकून नवल वाटेल.

१४च्या आसपास काउंटीची डेव्हलपमेंट स्क्वॉड सुरू होतात. इथे निवड झाली नाही म्हणून दार बंद होत नाही. या वयात मोठी दिसणारी मुलं निवडली जातात आणि १७व्या वर्षी उंची सगळ्यांची जुळते. उलट, निवड झालेल्या मुलाने क्लबचा सराव टाळायला सुरुवात केली तर गावात ते नाव कायमचं खराब होतं. काउंटीचे सिलेक्टर क्लबच्या प्रशिक्षकाला फोन करूनच यादी पक्की करतात, हे विसरू नका.

काउंटी मायनर १७ वर्षांखालील, त्यानंतर २० वर्षांखालील. २०१८पूर्वी हे गट १८ आणि २१चे होते. मायनरचं वय खाली आणलं ते बारावीच्या तोडीच्या लीव्हिंग सर्ट परीक्षेशी होणारी टक्कर टाळायलाही. शाळांमध्ये सर्वांत मानाचा होगन कप, उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात मॅकरोरी कप. कॉलेजात सिगरसन कप, १९११पासून चालत आलेला, ऐन थंडीत खेळला जातो. अनेक विद्यापीठं जीएए शिष्यवृत्ती देतात: थोडी रक्कम, जिम, फिजिओ, कधी वसतिगृह. ती मागताना क्लबचं आणि काउंटीचं पत्र लागतं.

१८ ते २१ ही सर्वांत धोक्याची वर्षं. एकच मुलगा क्लब, कॉलेज, २० वर्षांखालील काउंटी आणि कधी वरिष्ठ काउंटी अशा चार मॅनेजरांच्या हाताखाली असतो. प्रत्येकाला आपलंच सत्र महत्त्वाचं वाटतं. परिणाम ठरलेला: जांघेतलं न संपणारं दुखणं, मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूची दुखापत, आणि परीक्षेत गटांगळी. उपाय रुक्ष आहे. एकाच कागदावर आठवड्याची सगळी सत्रं आणि सामने लिहा, तो कागद चारही मॅनेजरांना एकाच ग्रुपवर पाठवा, आणि सामना धरून चारपेक्षा जास्त मैदानी सत्रं आठवड्यात होऊ देऊ नका. 'नाही' म्हणायचं काम मुलावर न सोडता फिजिओकडून लेखी घ्या.

काउंटीच्या पॅनेलवर

काउंटी संघासाठी अर्ज नसतो, बोलावणं येतं. चाचणी सामन्यात सिलेक्टर नुसते पॉइंट मोजत नाहीत. किकआउटनंतर हवेतल्या झटापटीतून सुटलेला चेंडू कोण उचलतं, चेंडू गमावल्यावर पहिली पाच सेकंदं कोण पळतं, आणि पास दिल्यावर कोण थांबतं, हे ते लिहून घेतात. आपल्या जागेखेरीज आणखी एका जागेवर खेळता येतं असं दाखवा. कोपऱ्यातला बचावपटू हाफ-बॅकला, म्हणजे बचावाच्या पुढच्या ओळीत, खेळू शकत असेल तर ३५ जणांच्या यादीत त्याला जागा सापडते.

२०२२पासून वर्षाचे दोन भाग आहेत. जानेवारीच्या अखेरीपासून राष्ट्रीय लीग, चार विभागांत आठ-आठ संघ. वसंतापासून प्रांतिक स्पर्धा आणि ऑल-आयर्लंड. जुलैअखेर काउंटीचा हंगाम संपतो. खालच्या संघांसाठी टाल्टन कप. मग क्लब चॅम्पियनशिप, आणि क्लबांचा ऑल-आयर्लंड अंतिम सामना पुढच्या जानेवारीत. म्हणजे यशस्वी क्लबचा काउंटी खेळाडू बारा महिने पळतो. त्याला विश्रांती कोणी देत नाही, ती मागून घ्यावी लागते: हंगाम संपल्यावर सलग तीन ते चार आठवडे चेंडूला हात नाही.

नोकरी

काउंटी संघांत शिक्षकांचा भरणा असतो, यात योगायोग काही नाही. दुपारी सुट्टी, उन्हाळ्यात मोकळीक, आणि गावात मान. केरीचा डेव्हिड क्लिफर्ड शिक्षक आहे. डब्लिनच्या जॅक मॅककॅफ्रीने डॉक्टरकी सांभाळून खेळ केला, पण रात्रपाळ्यांशी काउंटीचं वेळापत्रक जुळवणं किती जड जातं हे कुठल्याही इस्पितळातल्या खेळाडूला विचारा. आयटीवाल्यांना घरून काम करण्याची सोय मिळाली तर निम्मा प्रश्न सुटतो. नोकरीच्या मुलाखतीत मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळ मोकळी लागेल हे आधीच सांगून टाका. आयर्लंडमध्ये याला कोणी हसत नाही, उलट संचालकाचा भाऊ त्याच काउंटीचा निघतो.

अंतर हा दुसरा शत्रू. डोनेगल किंवा केरीचा खेळाडू डब्लिनमध्ये नोकरीला असेल तर आठवड्यातल्या सरावासाठी एका बाजूने तीन-चार तास गाडीत. गाडीत बसून आखडलेल्या मांड्या घेऊन थेट वेगाच्या धावा मारणं म्हणजे हॅमस्ट्रिंगला आमंत्रण. पोचल्यावर दहा मिनिटं चालणं आणि मग वॉर्म-अप, हे मॅनेजरकडून मागून घ्या. नोकरीच्या गावी क्लब बदलूनही मूळ काउंटीकडून खेळता येतं, पण त्याची कागदपत्रं हंगामाआधी पुरी करा.

पैशांचं बोलायचं तर प्रवासखर्च मिळतो, खेळाडूंची संघटना जीपीएमार्फत सरकारी अनुदान मिळतं, शिक्षणासाठी मदत मिळते. जाहिराती करायला मनाई नाही, पण त्या मोजक्या चेहऱ्यांना मिळतात. या भरवशावर घराचं कर्ज काढू नका.

खरा पगार हवा तर रस्ता ऑस्ट्रेलियाकडे जातो. तिथल्या फुटबॉल लीगचे संघ १८-२० वर्षांच्या उंच, वेगवान आयरिश मुलांना रूकी, म्हणजे नवशिके, म्हणून घेतात. डब्लिनचा जिम स्टाइन्स १९९१ साली तिथला सर्वोच्च ब्राउनलो सन्मान मिळवून गेला. केरीचा टाग केनेली २००५मध्ये सिडनीकडून आणि २००९मध्ये केरीकडून विजेता ठरला. बहुतेक मात्र काही वर्षांत परततात: लंबगोल चेंडू, घराची ओढ, दुखापती. जाण्याआधी कॉलेजचा प्रवेश स्थगित करून ठेवा, रद्द करू नका. मुलींसाठीही तिथल्या महिला लीगने दार उघडलं आहे. मेयोची कोरा स्टॉन्टन तिथे पोचलेल्या पहिल्यांपैकी.

शरीर

या खेळात सर्वाधिक जाते ती हॅमस्ट्रिंग, कारण पूर्ण वेगात धावता धावता वाकून चेंडू उचलायचा आणि लगेच लांब किक मारायची. सामन्याआधी स्ट्रेचिंग करत बसण्यापेक्षा जीएए-१५ हा साधारण १५ मिनिटांचा वॉर्म-अप करा: धाव, तोल, उडी घेऊन नीट उतरणं, ताकद. नॉर्डिक व्यायाम आठवड्यातून दोनदा, ४ ते ६ आवर्तनांचे दोन-तीन सेट. गुडघ्यावर बसून, जोडीदाराने घोटे धरलेले, अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. पहिल्या आठवड्यात मांड्या ठणकतात, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी नको. दुखापत झाल्यावर दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही: पूर्ण वेगाच्या धावा सरावात किमान दोनदा निर्धोक झाल्याशिवाय सामना नाही. गुडघ्यातलं एसीएल हे अस्थिबंधन फाटलं तर शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने धरूनच चाला. मुलींमध्ये हा धोका जास्त असल्याने उडीवरून उतरताना गुडघा आत वळतो का ते प्रशिक्षकाकडून तपासून घ्या. डोक्याला मार लागून भोवळ, मळमळ किंवा गोंधळ दिसला की त्या दिवशी मैदानात परतणं नाही, कितीही मोठा सामना असो.

खाण्याचं सोपं आहे. सामन्याच्या तीन-चार तास आधी भात-वरण किंवा पोहे उत्तम; तिखट रस्सा आणि तळण नंतर. सामन्यानंतर तासाभरात २०-२५ ग्रॅम प्रथिनं: तीन अंडी आणि ग्लासभर दूध. शाकाहारी घरात ताक, डाळ, पनीर यांचा हिशेब रोजच ठेवावा लागतो, आणि मुलींचं लोह तपासावं. आयर्लंडच्या हिवाळ्यात सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्वाची कमतरता पटकन होते. रक्त तपासून डॉक्टर सांगतील तो डोस घ्या. काउंटी पॅनेलवर पोचल्यावर उत्तेजक चाचणी केव्हाही होऊ शकते. भारतातून मागवलेली शक्तिवर्धक चूर्णं, भस्मं आणि स्वस्त प्रोटीनचे डबे तेव्हापासून बंद. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूची असते, 'आजीने दिलं' हे तिथे चालत नाही.

तिशीनंतर

काउंटीतून बहुतेक जण तिशीच्या सुरुवातीला बाहेर पडतात. डब्लिनचा ब्रायन फेंटन ३१व्या वर्षी थांबला. गोलरक्षकांना जास्त आयुष्य असतं: स्टीफन क्लक्स्टनने २०२३मध्ये ४१व्या वर्षी नववं ऑल-आयर्लंड पदक मिळवलं. काउंटी सुटली की क्लबचा वरिष्ठ संघ, मग इंटरमिजिएट किंवा ज्युनिअर (हे वयाचे नव्हे, दर्जाचे गट), मग क्लबचा दुसरा-तिसरा संघ. या उतरणीत वेग जातो, म्हणून फॉरवर्डने मागे सरकून पास देणारा व्हावं आणि मिडफिल्डरने गोलजवळच्या फुल-फॉरवर्डच्या जागी जाऊन उंच चेंडू झेलावेत.

वयाने मोठे नवशिके थेट ज्युनिअर संघात घुसले तर पहिल्याच महिन्यात पोटरी फाटते. पुरुषांसाठी 'डॅड्स अँड लॅड्स' आणि बायकांसाठी 'गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स' हे स्पर्धेविना चालणारे उपक्रम बऱ्याच क्लबांत आहेत. आठवड्यातून एकदा तासभर, सहा-आठ आठवडे तिथे खेळा, सोलो चालत्या वेगात बसवा, मग संघाचा विचार करा. आणि मुलाला फक्त सोडून निघून जाऊ नका. लहान गटांच्या सामन्यात गोलच्या मागे अंपायर म्हणून पांढरा कोट घालून उभं राहायला माणूस कायमच कमी असतो. पॉइंटला पांढरं निशाण, गोलला हिरवं, एवढं पाठ केलं की पुढच्या रविवारी तुम्हाला काम मिळालंच.